एकतिसावा धडा

मेल सर्व्हरची वायर मी उपसून हातात धरली होती, तरी पडद्यावर उत्तरं येतच होती.

"सर, हे काय होऊन राहिलं?" प्रफुल्ल बिसेन माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

मला तरी कुठे माहीत होतं! नेटवर्क तपासायची आमची सगळ्यात साधी रीत म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारायची. दर सेकंदाला एक हाक जाते. समोरचं मशीन जिवंत असेल तर ते ओ देतं, आणि ती ओ पडद्यावर ओळीखाली ओळ उमटत राहते. मी हाक मारत होतो ती मेल सर्व्हरच्या पत्त्यावर. सर्व्हरची वायर तर माझ्या हातात लोंबत होती. मग त्याच्या पत्त्यावरून ओ देत होतं कोण?

दुपारचा एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

ही गोष्ट दोन हजार चारच्या फेब्रुवारीतली. तुमसरच्या पुढे मँगनीजचा पट्टा आहे, तिथल्या एका कारखान्यात मी आदल्या दिवशी येऊन पोचलो होतो. नागपूरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत मी सर्व्हिस इंजिनीअर होतो. गाव माझं संगमनेर. नागपुरात भाड्याची एक खोली होती आणि महिन्यातले वीस दिवस मी असा कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, बँकेत, कॉलेजात वायरी चाचपत हिंडत असे. माणसांपेक्षा मशीनशीच माझं बोलणं जास्त व्हायचं आणि त्याचं मला काही वाटेनासंही झालं होतं.

कारखान्याचं दुखणं विचित्र होतं. सहा-सात महिने झाले, दुपारी एकच्या सुमाराला मेल बंद पडायची. पाऊण तासाने, कधी दोन तासांनी आपोआप सुरू व्हायची. सुट्टीच्या दिवशी मात्र कधीच बंद पडत नसे. लोक वैतागायचे, मग विसरायचे. पण जानेवारीत एक मोठी निविदा दुपारी दोनच्या आत मेलने पोचायची होती, ती पोचली नाही आणि वर्षभराचं काम हातातून गेलं. तेव्हापासून मुंबईचं ऑफिस खवळलं होतं. कॉम्प्युटर विभागात माणूस एकच, हा बिसेन. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली होती.

"तुमच्या नेटवर्कवर आणखी एक मशीन आहे," मी त्याला म्हटलं. "सर्व्हरचाच पत्ता घेऊन बसलंय. एकाच घरनंबरची दोन घरं झाली की पोस्टमन काय करेल? अर्धी पत्रं इकडे, अर्धी तिकडे. त्या दुसऱ्या घरात मेल घेणारं कुणी नाही, म्हणून मेल परत जातेय."

"पण माझ्याकडे तर सगळ्या मशीनची यादी आहे जी!"

"यादीत नसलेलं आहे."

जिथे सगळ्या वायरी येऊन मिळतात तो स्विचचा डबा लेखा विभागाच्या भिंतीवर होता. मँगनीजची काळी धूळ त्याच्यावर बोटभर साचलेली. मी एकेक वायर उपसून परत लावत गेलो आणि बिसेन पडद्यापाशी उभा राहून ओरडत राहिला, "येऊन राहिली सर... येऊन राहिली... येऊनच राहिली..." चौदाव्या वायरीला तो एकदम गप्प झाला.

"थांबली?"

"थांबली."

वायरीवरचं लेबल धुळीने खाऊन टाकलं होतं. ती खिडकीतून बाहेर पडून, वळचणीखालून, सायकल स्टँडच्या पत्र्यावरून पलीकडच्या बसक्या इमारतीत शिरत होती. "ते जुनं टाइम ऑफिस, कामगारांच्या हजेरीचं," बिसेन म्हणाला. "आता तिथे स्टेशनरी ठेवतात. तिथे कॉम्प्युटर कुठला?"

ही वायर आणि सर्व्हरची, दोन्ही परत लावून मी त्याला पडद्यापाशीच थांबवलं आणि एकटा निघालो. ती इमारत मी पाहिलेली होती.

दार लोटलेलं होतं. आत रजिस्टरांचे गठ्ठे, कागदाची रिमं, आणि कोपऱ्यात टेबलावर एक जुना कॉम्प्युटर घरघरत होता. त्याच्यासमोर चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई बसली होती. शेजारी उघडा डबा, पोळीचा तुकडा तसाच. ती दोन्ही हातांनी सावकाश टाइप करत होती. मला पाहून दचकली आणि पटकन उभी राहिली.

"कोण पाहिजे?"

"मी नागपूरहून आलोय. वायरी तपासतोय."

"हो का." तिने पदराने उगाचच टेबल पुसलं. "मी शशिकला नंदनवार. स्टोअरमध्ये आहे. ह्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. जेवायला बसते इथे."

नंदनवार. त्या नावासरशी मला सगळं आठवलं.

दोन वर्षांपूर्वी इथला नवा मेल सर्व्हर मीच बसवला होता. तेव्हा कॉम्प्युटर विभाग मोरेश्वर नंदनवार नावाचे गृहस्थ सांभाळत. मी आलो तेव्हा ते नागपूरला इस्पितळात होते, त्यामुळे भेट कधी झालीच नाही. पण त्यांचा फोन आला होता. आवाज खोल गेलेला, मधेमधे दम घेत बोलत होते. "गुजर साहेब, जुनं मशीन मोडीत काढू नका. माझं थोडं काम आहे त्यात. बाजूला ठेवा फक्त. आणि नव्याला जुन्याचाच पत्ता देणार ना? मग जुन्याचा तेवढा बदलून ठेवा."

"हो हो, ठेवतो," मी म्हणालो होतो.

पाच मिनिटांचं काम होतं. मी जुन्या मशीनवरची मेल बंद केली, ते बंद करून इथे टेबलावर आणून ठेवलं. नेटवर्कची वायरही भिंतीतून आयती बाहेर आलेली दिसली म्हणून सवयीने लावून टाकली. पत्ता बदलायचा राहिला. गोंदियाकडून येणारी गाडी पकडायची होती मला. परत जाऊन खोलीत एकट्यानेच बसायचं होतं, तरी घाई मात्र होती.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर होता. मी न राहवून वाचला. "शशी, जेवली का? आता उजव्या हाताचं पहिलं बोट 'जे' अक्षरावर ठेव. खाली पाहू नको. मी पाहून राहिलो."

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिने डबा जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "धडे आहेत. ह्यांनी बनवले माझ्यासाठी. कॅन्सर आहे म्हणून कळलं ना, तेव्हा म्हणे, माझ्यामागे तुला इथे घेतील, पण कॉम्प्युटर येत नसेल तर चहाचे कप उचलायला लावतील. घरी शिकवायला बसले तर मी रडायची. मग ऑफिसात बसून ह्या मशीनमध्ये हे लिहून ठेवलं. मला स्टोअरमध्ये घेतलं, त्यानंतर काही महिन्यांनी ह्या खोलीची किल्ली हाती आली. तेव्हा सापडलं."

"किती धडे आहेत?"

"एकतीस."

ती खाली बसली आणि एक ओळ टाइप करून संपवली. पडद्यावर शब्द उमटला: शाब्बास. त्याखाली: आता पुढचा.

"प्रत्येकाच्या शेवटी येते," ती जरा ओशाळून म्हणाली. "रोज एक करते. तीस झाले की परत पहिल्यापासून."

"आणि एकतिसावा?"

"तो नाही उघडला."

तिने डबा लावला, भिंतीवरचं बटन दाबलं आणि मशीन धाडकन बंद झालं. असं बंद केलेलं मशीन दुसऱ्या दिवशी सुरू होताना स्वतःची तपासणी करत बसतं, दहा-दहा मिनिटं घेतं. ती म्हणाली, "सुरू व्हायला लई वेळ लागते त्याला. तोवर मी भाजी-पोळी खाऊन घेते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वाट पाहायला कुणीतरी आहे, एवढंच त्यात होतं.

ऑफिसात परत आलो तेव्हा मेल सुरू झाली होती. बिसेन खुर्चीत बसून होता, त्याच्या हातात एक कागद.

"काय झालं?"

"देशकर साहेबांनी बोलावलं होतं. उद्या तुमचा रिपोर्ट आला की मला कामावरून मोकळं करणार. हे पत्र आधीच टाइप करून ठेवलंय, मला फक्त वाचायला दिलं." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "तिथे काय सापडलं सर?"

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

संध्याकाळी तुमसरच्या लॉजवर मी रिपोर्टचा कागद समोर घेऊन बसलो. सगळ्यात सोपा मार्ग हातातच होता. ती चौदावी वायर काढून टाकायची आणि लिहायचं, वायरीचा जोड सैल होता, दुरुस्त केला. कुणी विचारलं नसतं. बाईचे धडे चालू राहिले असते, माझं नाव कुठे आलं नसतं. पण सैल जोड म्हणजे बिसेनचा हलगर्जीपणा. त्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं. आणि खरं लिहिलं तर ते जुनं मशीन आणि ते रोज सुरू करणारी बाई, दोन्ही उघड्यावर येणार होती. जेवण खोलीत मागवलं होतं, ते तसंच निवून गेलं. सल्ला विचारावा असं एकही नाव मला त्या संध्याकाळी आठवलं नाही.

सकाळी कारखान्यात गेल्यावर मी आधी स्टोअरला गेलो. शशिकलाबाई खिडकीत बसून पावत्या फाडत होत्या. काल मी त्यांना मनातल्या मनात एकेरीत म्हटलं होतं. आज ते जमेना.

"बाई, थोडं बोलायचंय."

मी सगळं सांगितलं. एकच पत्ता, दोन मशीन, एक वाजता मेल का बंद पडते ते. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्यापायी? ती निविदा गेली ती?"

"तुमच्यामुळे नाही."

"मीच तर सुरू करून राहिली रोज! अन् तो बिसेन? त्याची बायको दोन जिवांची आहे. मी जाते साहेबांकडे." त्या खरोखरच उठल्या.

"बाई, बसा. चूक माझी आहे. नंदनवार साहेबांनी मला फोनवर सांगितलं होतं, जुन्याचा पत्ता बदला म्हणून. मी हो म्हटलं आणि बदलला नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली घातली. इस्पितळातल्या त्या माणसाने जी शेवटची कामं दुसऱ्याच्या हाती सोपवली असतील त्यातलं एक मी गाडीच्या वेळेसाठी टाकून दिलं होतं, आणि ते मी आता त्याच्या बायकोला सांगत होतो.

"इस्पितळातून फोन केला होता त्यांनी?" त्यांनी विचारलं. "बोलायला किती त्रास व्हायचा त्यांना."

"हो."

"मग बदलायला पाहिजे होता तुम्ही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बदलला असता तर कोणाला माझा पत्ता लागला नसता. पण काय आहे, त्या खोलीत एवढ्या दिवसांत तुम्ही पहिलेच आले. दारावरून जातात सगळे, पण आत कोणी येत नाही."

देशकर साहेब प्रशासन बघायचे. माझं बोलणं त्यांनी पेन हातात फिरवत ऐकून घेतलं. बिसेन दाराशी उभा होता.

"म्हणजे तुम्हीच घोटाळा करून ठेवला होता," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी."

"हो. रिपोर्टात तसंच लिहिलंय. खाली माझी सही आहे. बिसेनना त्या मशीनबद्दल कळायचं काही कारण नव्हतं. मी त्याची नोंदच केली नव्हती."

"पण ते मशीन सुरू कोण करते?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी येता येता ठरवून ठेवलं होतं. "स्टेशनरी घ्यायला जो जातो तो दिव्याचं बटन दाबतो. त्याच बोर्डावरून मशीनलाही वीज जाते." आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही. हे बोललो, आणि आजही मला त्याचा पस्तावा नाही.

देशकर साहेबांनी बिसेनकडे पाहिलं, मग टेबलावरचं ते टाइप केलेलं पत्र उचलून दोन तुकडे केले. "आणि ते डबडं आज भंगारात जाऊ द्या. चार वाजता गाडी येणार आहे."

"साहेब, पत्ता बदलला की ते कुणाला त्रास देणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे."

"दोन वर्षांपूर्वीही पाच मिनिटांचंच असेल ना?"

मी रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला आणि बाहेर पडलो.

त्या रिपोर्टाचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. कारखान्याने आमच्या कंपनीचं कंत्राट काढून घेतलं. कंपनीने मला बाहेरच्या कामावरून काढून नागपूरच्या गोदामात बसवलं, नवे खोके मोजायला. आठ-नऊ महिन्यांनी मी राजीनामा दिला. बिसेन तिथेच राहिला; मुलगी झाली तेव्हा त्याने पेढ्याचा खोका गोदामाच्या पत्त्यावर पाठवला होता. गेलेली निविदा काही परत आली नाही. गोदामातले ते दिवस मला जड गेले, पण त्या दिवसांत मला झोप चांगली लागायची.

तर त्या दिवशी दुपारी एक वाजता स्टोअरमधून किल्ली घेऊन मी जुन्या टाइम ऑफिसात गेलो. आधी मशीनची नेटवर्कची वायर काढली. मग मशीन सुरू केलं. ते स्वतःची तपासणी करत असताना शशिकलाबाई आल्या. हातात डबा होता, पण त्यांनी तो उघडला नाही.

"चार वाजता नेणार आहेत," मी म्हटलं. "मी धडे सगळे उतरवून देऊ शकतो. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालतील. स्टोअरमधल्यावरसुद्धा."

"स्टोअरमध्ये चार जण असतात. सगळ्यांसमोर तो 'शशी, जेवली का' विचारणार?" त्या किंचित हसल्या. नवऱ्याला त्यांनी पहिल्यांदाच एकेरीत म्हटलं होतं. "नको जी. मला सगळं येते आता. स्टोअरचा सगळा साठा मीच टाइप करते. तेच तेच तीस धडे करून राहिली मी. येत असून करून राहिली."

"मग एकतिसावा?"

"तो करते. म्हणून आली."

मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "थांबा तुम्ही. मधे काही अडलं तर."

मी रिमांच्या गठ्ठ्यावर बसलो. त्यांनी आकडा टाइप केला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पडदा भरला होता. मला तिथून दिसत होतं. मलाही काहीतरी वेगळं असेल असं वाटलं होतं; शेवटचा धडा, जाणाऱ्या माणसाने लिहिलेला. त्या ओठ हलवत वाचत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो.

त्यात तसलं काहीही नव्हतं.

"मशीन बंद कसं करायचं," त्यांनी मोठ्याने वाचलं. "शशी, भिंतीचं बटन कधी दाबू नको, मशीनला त्रास होते. आधी खाली दिलेली ओळ टाइप कर. मग दोन मिनिटं थांब. सगळं थांबलं असा इंग्रजीत मेसेज येईल. मग मशीनचं बटन दाब. मग भिंतीचं."

त्यांनी खालपर्यंत पाहिलं. आणखी काही नव्हतं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

मीही वाकून पडद्याच्या तळापर्यंत पाहिलं.

"मी रोज भिंतीचंच बटन दाबत आली," त्या म्हणाल्या. "हा आधी उघडला असता तर..." आणि थांबल्या. मग दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून, खाली न पाहता, त्यांनी ती ओळ टाइप केली. एकही चूक झाली नाही.

पडद्यावरून ओळी सरकत गेल्या. एकेक काम आवरत, एकेक दार लावत मशीन शांत होत गेलं. शेवटी तो इंग्रजी मेसेज आला. शशिकलाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. आणखी काहीतरी यायचं बाकी असल्यासारख्या बघत राहिल्या, आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्या कशाची वाट बघतायत. प्रत्येक धड्याच्या शेवटी यायचा तो शब्द. ह्या धड्याच्या शेवटी तो येऊ शकत नव्हता. तो लिहिणारं मशीनच थांबलं होतं. नंदनवारांना हे नक्की माहीत असणार.

शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण तो माझ्या तोंडून यावा असा नव्हता.

त्यांनी मशीनचं बटन दाबलं. पंखा हळूहळू थांबला. मग त्या उठल्या, भिंतीचं बटन बंद केलं आणि परत येऊन बसल्या.

"नीट झालं ना?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"हो. अगदी नीट झालं."

त्यांनी मान हलवली. डबा पुढे ओढला आणि झाकण काढलं. मी दार लोटून बाहेर आलो. सायकल स्टँडपर्यंत पोचून मागे पाहिलं तर खिडकीतून त्या दिसत होत्या. काळ्या पडद्यासमोर बसून त्या जेवत होत्या, एकेक घास, जराही घाई न करता.